नव्या घराभोवतीची उजाड जागा आणि मे महिना

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अमळनेरच्या बाहेर 40 बाय 60 चा प्लॉट. मधोमध घर, पुढे पश्चिमेला 16 फूट आणि मागे 8 फूट मोकळं, दोन्ही बाजूंना चालण्यापुरती पट्टी. सगळं मिळून बाराशे चौरस फूट भरेल. गेल्या जुलैत चौदा रोपं लावलीत, त्यातली अकरा या एप्रिलपर्यंत वाळली. नळाला पाचव्या दिवशी पाणी, बोअरचं पाणी जड. आईला पूजेची फुलं आणि दारचं लिंबू हवंय, चार वर्षांच्या मुलीला आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोका बांधता येईल असं झाड हवंय. आणि रोपवाटिकेवाल्याने पुढे लॉन, कंपाउंडला पाम आणि कोनोकार्पसची कुंपणरांग असा हिशेब दिलाय, त्यावर तुम्ही पाच हजार आगाऊही देऊन बसलात. विचारताय, 'नेमकी कोणती झाडं लावू?'

मी पारोळ्याच्या बाजूला सव्वीस वर्षं रोपवाटिका चालवते आणि लोकांच्या बागा करून देते. 'कोणती झाडं' हा प्रश्न घेऊनच सगळे येतात. झाडांची नावं मी आत्ता सांगेनही, पण तुमची अकरा रोपं चुकीच्या नावामुळे गेलेली नाहीत. तुमच्या जागेत अजून सावली नाही, माती माती राहिलेली नाही आणि पाणी कुठे जातं ते तुम्हाला ठाऊक नाही. या तीन गोष्टी होईपर्यंत तिथे काहीही लावलं तरी गत तीच. आपल्याकडे बाग जुलैत बघून ठरवायची नसते. जुलैत रस्त्याच्या कडेचं गाजरगवतसुद्धा छान दिसतं. बाग ठरवायची ती मे महिना डोळ्यांसमोर ठेवून, पारा 44-45 वर आणि दुपारी दोनला पश्चिमेकडून तापलेला वारा.

आधी त्या अकरा रोपांबद्दल. उन्हाळ्यात वाळलेलं झाड बरेचदा ऑगस्टमध्येच गेलेलं असतं. काळ्या मातीत खड्डा घेतला की त्याची बादली होते. भिंती चिकण, तळ चिकण, आत आपण टाकलेली भुसभुशीत माती. झडीच्या पावसात चहूकडचं पाणी त्यात उतरतं आणि आठ-आठ दिवस हलत नाही. मुळ्या गुदमरून कुजतात. वर पानं हिरवी असतात म्हणून कळत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ते रोप उरलेल्या चार मुळ्यांवर तग धरतं आणि मार्चचं ऊन लागलं की दहा दिवसांत संपतं. आपण म्हणतो उन्हाने मेलं. एक वाळलेलं रोप उपटून बघा. मुळं काळी, बोटाने साल सुटून येणारी असतील तर पाणी साचून गेलं. पिशवीच्या आकारातच गुंडाळी झालेली असतील तर लावताना पिशवी नीट कापली नव्हती, किंवा मुळांचं वेटोळं मोकळं केलं नव्हतं. मुळं ठीक, पण कोरडीठाक असतील तर मात्र खरंच पाणी कमी पडलं.

या शेवटच्या प्रकारातही एक गंमत असते. मार्च-एप्रिलमध्ये काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तुम्ही बुंध्याशी बादलीभर पाणी ओतता, ते भेगेतून सरळ तीन फूट खाली निघून जातं आणि मुळाजवळची माती कोरडीच राहते. पाणी द्यायच्या आधी खुरप्याने वरची दोन-तीन इंच माती हलवून भेगा बुजवा, मगच पाणी द्या. एवढ्याने बरंच पाणी वाचतं.

आता जागा कशी ओळखायची ते. हे मी इथून बसून सांगू शकत नाही, तुम्हालाच करावं लागेल, पण एका रविवारचं काम आहे. पुढच्या पट्टीत दोन ठिकाणी आणि मागे एका ठिकाणी दीड फूट खोल खड्डा घ्या. खड्ड्याची बाजू नीट बघा. नव्या घराभोवती बहुतेक वेळा वर चार-सहा इंच मुरूम पसरलेला असतो, त्याखाली विटांचे तुकडे, रेती, सिमेंटचा थिजलेला राडा, आणि मग कुठे खरी काळी माती. मागच्या वर्षी एका घरी मी खणत होते, टिकाव टणकन वाजला. खाली मिक्सर धुतलेल्या पाण्याची ताटाएवढी सिमेंटची पोळी. तिच्या बरोबर वर त्यांनी मोगरा लावला होता आणि 'मोगऱ्याला फूल का येत नाही' म्हणून खतावर खत घालत होते. हा मलबा वेचून काढणं हेच तुमचं पहिलं बागकाम. कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

मग त्या खड्ड्यात काठोकाठ पाणी भरा. ते मुरलं की पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळचं पाणी किती वेळात जातं ते बघा. तासाला इंचभर उतरत असेल तर चांगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच उभं असेल तर तिथे खड्ड्यात झाड लावायचं नाही, उंचवट्यावर लावायचं. आणि कोरड्या मातीच्या ढेकळावर लिंबू पिळा. बारीक फेस आला तर चुनखडी आहे. अशा मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे मोगऱ्यावर, लिंबावर, जास्वंदीवर तुम्हाला दिसेलच. लोक मग लोह मिळावं म्हणून हिराकस मातीत टाकतात आणि तो चुनखडीत अडकून वाया जातो. चिलेटेड लोह विकत आणून संध्याकाळी पानांवर फवारलं तर उपयोग होतो. कृषी विज्ञान केंद्रात माती आणि बोअरचं पाणी दोन्ही तपासून घ्या. पाण्याची तपासणी कुणी करत नाही, आणि आपल्याकडे बरीच झाडं पाण्यातल्या क्षारानेच मरतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर बसत असेल तर तुमचं उत्तर अर्धं तिथेच आहे.

मातीत घालायचं काय? इथे दोन चुका ठरलेल्या. एक, काळी माती भुसभुशीत करायला रेती मिसळणं. थोड्या रेतीने काळी माती मोकळी होत नाही, उन्हात विटेसारखी कडक होते. दुसरी, ताजं शेण. ही चूक मी स्वतः माझ्या दारात केलेली आहे. पहिल्या वर्षी घाईने गोठ्यातलं अर्धवट कुजलेलं शेण चार खड्ड्यांत भरलं आणि त्यात वर लिंबू लावले. सप्टेंबरात दोन रोपं मलूल झाली, हाताने ओढली तर मुळांशिवाय वर आली. खाली अंगठ्याएवढ्या पांढऱ्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या हुमणीच्या अळ्या. शेणखत हातात घेतल्यावर त्याला शेणाचा वास यायला नको, पहिल्या पावसाच्या मातीचा यायला हवा. तसं नसेल तर सहा महिने ढीग झाकून ठेवा आणि तोवर गांडूळखत वापरा.

हिशेब सोपा आहे. सगळ्या बाराशे फुटांत खत पसरू नका, पैसा जाईल. जिथे वाफे करायचेत तेवढी चारशे फूट जागा धरा. तीन इंचाचा थर म्हणजे शंभर घनफूट, एक ब्रास. अर्धा पोयटा (नदीकाठची गाळाची माती) आणि अर्धं कुजलेलं शेणखत. पोयटा आणताना त्यात लव्हाळ्याच्या गाठी नाहीत ना, हे मूठभर चाळून बघा. एकदा लव्हाळा घरात आला की तुमच्या नातवापर्यंत राहतो. उरलेल्या उघड्या जागेवर पहिल्या पावसात ताग पेरा, किलोभर बी पुरतं. माती चोपण, म्हणजे क्षाराने घट्ट झालेली, निघाली तर तागाऐवजी धैंचा. साधारण पंचेचाळीस दिवसांनी, फूल येण्याच्या बेतात, कापून तिथेच मातीत गाडा. शेजारी विचारतील की घरापुढे हे काय शेत केलंय. विचारू देत.

आता सावली. ही खान्देशातल्या बागेची खरी मेख आहे, म्हणून जरा थांबून सांगते. रावेर-यावलकडचा केळीवाला काय करतो बघा. बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवताची दाट रांग धरतो, कारण उन्हाळी वाऱ्याने केळीची पानं फाटतात आणि घड होरपळतो. लाखोंचं पीक वाचवायला जो उपाय चालतो तो तुमच्या जास्वंदीलाही चालेल. तुमची मोठी मोकळी बाजू नेमकी पश्चिमेला आहे. म्हणजे दुपारी एक ते सहा ऊन पुढच्या भिंतीवर आणि तीच धग रात्री दहापर्यंत अंगणात. तिथे सावली झाल्याशिवाय खाली लावलेलं काहीही शिजणारच.

मी दोन तऱ्हेची झाडं एकदम लावते. एक लवकर वाढणारं आणि लवकर जाणारं, एक सावकाश वाढणारं आणि राहणारं. शेवगा आणि हादगा हे पहिल्या तऱ्हेतले. पानमळेवाले वेलीला आधार आणि विरळ सावली म्हणून हीच झाडं लावतात, त्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. शेवगा वर्षात दहा फूट जातो. पश्चिमेच्या कंपाउंडपासून तीन फूट आत आठ-आठ फुटांवर चार शेवगे लावा. दर वर्षी छातीइतक्या उंचीवर छाटा, नाहीतर वादळात फांद्या मोडून गाडीवर पडतील. शेंगाही खाल. तीन-चार वर्षांनी कायमची झाडं उंच झाली की शेवगे एकेक काढून टाका. काढताना जीव तुटतो, पण ते त्यासाठीच लावलेले असतात.

कायमचं झाड म्हणजे मुलीच्या झोक्याचं. आखाजीचा झोका कडुनिंबालाच हवा, यात मला दुसरं मत नाही. वैशाखात बाकी सगळं करपलेलं असताना तो नव्या पालवीने गच्च असतो. पण इथे 'अवलंबून आहे' म्हणावं लागतं. काळी माती ओलीने फुगते, कोरडी झाली की आकसते, आणि मोठं झाड उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढून घेतं. घराचा पाया काळ्या मातीतच थांबलाय की खाली मुरूम-खडकापर्यंत गेलाय, हे ज्याने घर बांधलं त्या मिस्त्रीला विचारा. खडकापर्यंत गेला असेल तर नैर्ऋत्य कोपऱ्यात, कंपाउंडपासून चार फूट आत, घरापासून बारा फूट सोडून एक कडुनिंब लावा. वरून विजेची तार जात नाही आणि सेप्टिक टँक त्या कोपऱ्यात नाही, हेही बघा. पाया वरच्यावर असेल तर कडुनिंब विसरा आणि बहावा लावा. तो आटोपशीर राहतो आणि ऐन उन्हात पिवळ्या घोसांनी लगडतो. वड, पिंपळ, उंबर या जागेत कुठेच नको. झोका पेलेल असा कडुनिंब व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. तोवर लोखंडी चौकट ठोकून तिच्यावर मधुमालती सोडा. पोरीला झोका मिळेल, झाडाची वाट झाड बघेल.

दुपारचं ऊन अडलं की खालची यादी आपोआप सोपी होते. लिंबू मागच्या पूर्वेच्या पट्टीत, सकाळचं ऊन आणि दुपारी घराची सावली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं साई सरबती घ्या, पण ते उंचवट्यावरच, बुंध्याशी पाणी साचलं तर डिंक्या होतो, म्हणजे खोडातून डिंक गळायला लागतो. त्याच पट्टीत कढीपत्ता आणि एखादं सीताफळ. पुढे शेवग्याच्या विरळ सावलीत मोगरा, तगर, जास्वंद, अबोली. पारिजातक आईच्या खोलीच्या खिडकीजवळ, पहाटे सडा पडेल असा. कडक उन्हाच्या कडेला कण्हेर आणि बोगनवेल, दोघांनाही जड पाणी चालतं. फक्त कण्हेरीचं पान, फूल, चीक सगळं विषारी आहे. मुलगी लहान आहे, तेव्हा तिच्या खेळायच्या जागेपासून लांब लावा किंवा दोन-तीन वर्षं थांबा. तुळशीला बोअरचं पाणी सतत देऊ नका, नळाचं द्या. चिकू-आंब्याचा मोह या जागेत टाळा. जागा मिळाली की माणूस आधी आंबा लावतो आणि आठ वर्षांनी त्याच्या फांद्या कापायला मला बोलावतो.

लॉनबद्दल विचारलंत म्हणून. पुढच्या साडेसहाशे फुटांत लॉन केलं तर उन्हाळ्यात रोज चारशे लिटरच्या वर पाणी लागेल, म्हणजे पाचव्या दिवशी येणाऱ्या नळाच्या पाण्यातून फक्त गवतासाठी दोन हजार लिटर. बोअरच्या जड पाण्यावर ते पिवळं पडेल आणि मग त्यात हरळी शिरेल, जी फुकटात आली असती. बसायला हिरवळ हवीच असेल तर कडुनिंबाच्या बाजूला दहा बाय दहाचा तुकडा हरळीचाच करा. बाकी जागेत शहाबादी फरशीचे तुकडे आणि मधे माती, म्हणजे पाणीही मुरेल. कोनोकार्पस नकोच. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांचा त्रास आणि पाइपांत घुसणारी मुळं अशा दोन्ही तक्रारी होत्या. पाम हौस म्हणून ठीक आहे, पण सावली देत नाही. दहा फूट उंच होऊन खाली ताटाएवढी सावली पाडणाऱ्या झाडाला आपण कशाला पाणी पाजायचं?

पाण्याचं गणित मात्र तुमच्या बाजूने आहे, हे ऐकून आश्चर्य वाटेल. तुमचा स्लॅब अकराशे फुटांचा असावा. पाऊस 600 मिलिमीटर धरला तरी त्यावर साठ हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं, आणि आज ते पाइपातून थेट रस्त्यावर जातंय. ते पाइप वळवून बोअरच्या शेजारी शोषखड्ड्यात सोडा. दोन-तीन पावसाळ्यांत बोअरच्या पाण्याची चव बदललेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. मात्र खालचा खडक कसा आहे त्यावर ते अवलंबून, म्हणून हमी देत नाही. न्हाणीचं पाणी कर्दळ, अळू आणि एखाद्या केळीकडे काढा. भांड्यांचं खारट-तेलकट पाणी नको. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी लिंबाला अजिबात नको, त्यात क्षार एकवटलेले असतात. ठिबक घालणार असाल तर जड पाण्याने तोट्या बुजतात, महिन्यातून एकदा नळ्यांची टोकं उघडून धुवा. पंधरा-वीस झाडांना मला तर मडकंच आवडतं. कुंभाराकडचं साधं, न रंगवलेलं आठ-दहा लिटरचं मडकं बुंध्यापासून फूटभर अंतरावर तोंडापर्यंत पुरायचं, भरायचं, वर फरशीचा तुकडा ठेवायचा. पाणी झिरपत राहतं, मुळं आपणहून मडक्याकडे येतात. माझी सासू रोज संध्याकाळी झाकण उचलून बघायची आणि विचारायची, 'पानी शे का?' म्हणजे पाणी आहे का. एवढंच तिचं सिंचन व्यवस्थापन.

आच्छादन विसरू नका. उघडी काळी माती म्हणजे तवा. कडबा, गव्हाचा भुसा, भुईमुगाची टरफलं, पालापाचोळा, जे मिळेल ते तीन-चार इंच. बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर उधई (वाळवी) लागते. कपाशीच्या पऱ्हाट्या बारीक केलेल्या असल्या तरच टाका. अख्ख्या पऱ्हाट्यांचा ढीग ठेवला तर त्यात बोंडअळी दडून राहते आणि आजूबाजूला कपाशी असणाऱ्यांच्या शिव्या बसतात. अख्ख्या पऱ्हाट्या भरताची वांगी भाजायला वापरा.

आता यंदाचा क्रम, कारण एप्रिल संपत आलाय आणि तुम्ही उद्याच रोपं आणायला निघाल. आत्ता एकही रोप लावू नका. मेमध्ये मलबा काढा, दोन बाय दोन बाय दोन फुटांचे खड्डे घ्या आणि तसेच उन्हात तापू द्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात वरची माती, दोन टोपल्या शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळून खड्डे भरा, जमिनीपेक्षा अर्धा फूट वर येईल इतके. माती पावसाने बसते. वीतभर ओल जाईल असे दोन चांगले पाऊस झाल्यावरच झाडं लावा, मग जून संपो की जुलै लागो. उरलेल्या जागेत ताग. ऑगस्टच्या झडीत छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि पाणी कुठे तुंबतं ते बघून तिथून चर काढा. ही दहा मिनिटं कुठल्याही खतापेक्षा महत्त्वाची आहेत. दसऱ्यानंतर वाफे करून शेवंती, झेंडू, मेथी, आणि एका वाफ्यात भरताचं हिरवं वांगं. घरच्यांना पहिल्या वर्षी खायला काहीतरी मिळालं की पुढची दोन वर्षं कुणी कुरकुरत नाही. फेब्रुवारीत आच्छादन वाढवा आणि प्रत्येक लहान झाडाच्या नैर्ऋत्येला तुराट्यांचा किंवा जुन्या लुगड्याचा आडोसा करा. चारही बाजूंनी गुंडाळू नका, वारा लागला पाहिजे.

वाचलेल्या तीन रोपांना जागेवरून हलवू नका. ती कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ज्यांनी त्या मातीत, त्या पाण्यावर एवढा उन्हाळा काढला त्यांचीच आणखी दोन-दोन आणा.

आणि त्या पाच हजारांचं म्हणाल तर परत मागून वाद घालू नका. त्याच रोपवाटिकेत जाऊन सांगा, लॉन-पाम रद्द, त्याऐवजी चार शेवगे, एक कडुनिंब, एक साई सरबती, दोन मोगरे, एक पारिजातक आणि उरलेल्या पैशांचं निंबोळी पेंड आणि गांडूळखत. तो तयार होईल, कारण शेवगा आणि कडुनिंब त्याच्याकडे कुणी मागतच नाही. रोपं मात्र जूनअखेरपर्यंत त्याच्याकडेच सावलीत राहू द्या, आणि आणताना पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलेलं एकही घेऊ नका.